बावला खून खटला आणि मुमताज बेगमची जबानी

खालिद लतीफ गौबा हे नाव आपल्या जुन्या वाचकांना अपरिचित नसावे. लाहोरचे नामांकित उद्योगपती आणि पेढीवाले लाला हरकिशनलाल यांचे हे चिरंजीव. मूळ नाव कन्हैयालाल. १९३३ साली त्यांनी इस्लामचा स्वीकार केला आणि पुढच्याच वर्षी ‘द प्रॉफेट ऑफ द डेझर्ट’ हे पैगंबर-चरित्र इंग्रजीत लिहिले. इंग्रजी वाचणाऱ्या मुस्लिम घरांत ते पुस्तक दीर्घकाळ वाचले गेले. भारतीय मुसलमानांच्या अवस्थेवरचे त्यांचे ‘पॅसिव्ह व्हॉइसेस’ हे पुस्तक १९७३ सालचे. पण या गंभीर ग्रंथांच्या आधी आणि मध्ये गौबांची ख्याती होती ती हातोहात खपणाऱ्या पुस्तकांचे लेखक म्हणून. मिस मेयोच्या ‘मदर इंडिया’ला उत्तर म्हणून त्यांनी १९२९ साली ‘अंकल शॅम’ लिहिले आणि अमेरिकेची लक्तरे वेशीवर टांगली. १९३० साली संस्थानिकांच्या विलासावर ‘एच. एच.’ हे पुस्तक काढले. पेशाने वकील असल्यामुळे कोर्टातले नाट्य त्यांना चांगले कळत होते. १९४५ साली त्यांनी प्रेम आणि खून यांवरून गाजलेल्या खटल्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले, ‘फेमस ट्रायल्स फॉर लव्ह अँड मर्डर’. त्यात मुंबईच्या बावला खून खटल्याची हकीकत आहे.

खून-खटल्यांच्या पुस्तकांचा एक ठरलेला साचा असतो. आरंभी एक सुंदर स्त्री, मध्ये एक मयत, शेवटी फाशीचा तख्ता. बावला खटल्याला हा साचा इतका चपखल बसतो की गेल्या शंभर वर्षांत ज्याने ज्याने तो लिहिला, त्याला तो मोडण्याची गरज भासली नाही. गौबांनीही मुमताज बेगमचा परिचय करून देताना तिच्या वर्गात तिच्या तोडीची दुसरी नव्हती, हा तिचा लौकिक नोंदवला आहे. तो लौकिक खराच असेल. पण या खटल्यात मुमताज ही केवळ सौंदर्याची ख्याती असलेली स्त्री नव्हती. ती जखमी होती, प्रत्यक्ष साक्षीदार होती, आणि तिने हायकोर्टात उभे राहून जे सांगितले त्यातून एका संस्थानाचे तख्त हलले. तिचे रूप सर्वांनी वर्णिले. तिने काय सांगितले हे मात्र नीट ऐकले गेले नाही, असे माझे मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

प्रथम त्या संध्याकाळची हकीकत थोडक्यात.

१२ जानेवारी १९२५. अब्दुल कादर बावला हा मुंबईतला पंचवीस वर्षांचा धनाढ्य मेमन व्यापारी मोटारीतून मलबार हिलवर फिरावयास निघाला होता. सोबत मुमताज बेगम आणि आणखी काही माणसे होती. मागून एक मोटार आली, तिने यांना गाठून वाट अडवली, आणि त्यातून उतरलेल्या माणसांनी गाडीला गराडा घातला. शिव्यागाळी सुरू झाली. बाईला खाली उतरवा, असे ती माणसे ओरडत होती, असे मुमताजने पुढे कोर्टात सांगितले. बावलाने तिला सोडले नाही. त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि काही तासांतच तो मरण पावला. मुमताजच्या चेहऱ्यावर धारदार हत्याराने वार करण्यात आले.

इतके झाल्यावर हल्लेखोर तिला घेऊन निघून गेले असते आणि मुंबईच्या पोलिसांना एक बेवारस मोटार व एक मयत एवढेच मिळाले असते. पण त्याच वेळी काही ब्रिटिश लष्करी अधिकारी गोल्फ खेळून परत चालले होते. वाट चुकल्यामुळे ते त्या रस्त्याला लागले. गोळ्यांचा आवाज ऐकून ते धावले. त्यांच्यातला लेफ्टनंट सैगर्ट याने हातातल्या गोल्फच्या काठीनेच पिस्तुलवाल्यांचा मुकाबला केला. त्यालाही गोळी लागली. तरी शफी अहमद नावाचा एक हल्लेखोर जागीच पकडला गेला. जखमी मुमताजला इस्पितळात नेण्याची खटपट चालू असताना उरलेल्यांनी तिला त्या अधिकाऱ्यांच्या हातून हिसकावण्याचा दोनदा प्रयत्न केला. म्हणजे बावलाला मारणे हा मुख्य उद्देश नव्हताच. तो आड आला म्हणून मेला. माणसे आली होती ती तिला उचलून न्यावयास.

कुठे न्यावयास, हे शोधण्यास पोलिसांना फार वेळ लागला नाही. माग इंदूरच्या दिशेने निघाला.

मुमताज ही इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या जनानखान्यातून निघून आलेली. तवायफांच्या घरात वाढलेली, गाणेनाचणे जाणणारी. इंदूरला आपल्यावर सतत पाळत असे, नातलगांना भेटू देत पण एकटीला कधी भेटू देत नसत, कोणी ना कोणी सोबत बसलेले असे, असे तिने कोर्टात सांगितले. पुढे तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिला इंदूरला मुलगी झाली. ती मुलगी नर्सनी मारली, आणि त्यानंतर इंदूरला राहण्याची आपली इच्छा उरली नाही, असे तिचे शब्दशः नव्हे पण आशयाने म्हणणे होते. काही महिन्यांनी ती तिथून निसटली आणि आईच्या माहेरगावी, अमृतसरला गेली. तिथेही पाळत आलीच. तिच्या सावत्र वडिलांनी कोर्टात सांगितले की, महाराजांनी रडून तिला परत येण्याची विनवणी केली होती. ती गेली नाही. ती मुंबईस आली. इथे गाण्याच्या निमित्ताने बावलाशी ओळख झाली आणि काही महिन्यांपासून ती त्याच्या आश्रयाने राहत होती. तिला ठेवून घेऊ नकोस, अशा धमक्या बावलाला आल्या होत्या. त्याने त्या मनावर घेतल्या नाहीत.

या हकीकतीत वाचकाने एका हिशेबाकडे लक्ष द्यावे. खुनाच्या वेळी मुमताज बावीस वर्षांची होती, हे सगळीकडे नोंदलेले आहे. निकाल देताना न्यायमूर्ती क्रम्प यांनी तिचा उल्लेख दहा वर्षे इंदूरच्या महाराजांकडे राहिलेली स्त्री असा केला. हल्ल्यामागे असलेल्या माणसांविषयी आपल्याला नेमके सांगता येत नाही, पण अशा स्त्रीला पळवून नेण्याचा प्रयत्न होतो तेव्हा त्याचे मूळ इंदूरात शोधणे अजिबात अवाजवी नाही, असे त्यांनी म्हटले. हे वाक्य या खटल्यावरच्या प्रत्येक लिखाणात येते, कारण त्यात एका राजाकडे बोट आहे. बावीस आणि दहा हे दोन्ही आकडे एकाच हकीकतीत वर्षानुवर्षे शेजारी शेजारी छापले जातात, पण त्यांची वजाबाकी करण्याचे कुणाच्या मनात येत नाही. बावीसातून दहा गेले, राहिले बारा.

त्या काळी वयाच्या नोंदी काटेकोर नसत, हे मान्य. वर्ष-दोन वर्षांची चूक धरली तरी ती तेरा-चौदाची होते. महाराजांचा जन्म १८९० चा, म्हणजे तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. आपल्याकडच्या भाषेत तिला काय काय म्हटले गेले ते आठवा. इंग्रजीत मिस्ट्रेस. मराठीत रखेल, ठेवलेली बाई, कलावंतीण. उर्दूत तवायफ, बेवफा. फार सौम्यपणे लिहिणाऱ्यांनी ‘महाराजांची प्रेयसी’ असे लिहिले. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला यांतला एकही शब्द लागू पडत नाही. तिच्या जबानीतली पाळत, एकटीला कुणाला भेटू न देणे, बाळंतपणानंतरचा तो उबग, हे सगळे या हिशेबाच्या उजेडात वाचले की मामला प्रेमाचा राहत नाही. ‘ट्रायल्स फॉर लव्ह’ या शीर्षकातला पहिलाच शब्द इथे चुकीचा पडतो.

कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. तेव्हा बारा वर्षांच्या मुलींची लग्ने होत. होत असत, खरे आहे. पण काळ तसा होता असे म्हणताना त्या काळातच काय चालले होते तेही पाहावे लागते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९१ च्या कायद्याने मुलीच्या संमतीची वयोमर्यादा बारा वर्षे केली, तेव्हा केवढे रणकंदन माजले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती मर्यादा पुढे वाढवण्यात आली, विवाहाबाहेर चौदा आणि विवाहात तेरा. ही दुरुस्ती झाली ती नेमकी १९२५ साली, म्हणजे बावला खटला चालला त्याच वर्षी. तिकडे मध्यवर्ती कायदेमंडळात मुलीचे वय किती असावे यावर खल चालला होता, इकडे मुंबईच्या हायकोर्टात एक बावीस वर्षांची बाई आपली दहा वर्षांची कैफियत सांगत होती. दोन्ही बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे सुचायला वेळ लागला. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इंदूरला लागू नव्हता, हे अर्थात लक्षात ठेवले पाहिजे. संस्थानाच्या हद्दीत महाराजच कायदा होते.

योगायोग असा की त्या कायदेमंडळाचे एक सभासद या खटल्यातही होते. बॅरिस्टर महंमद अली जिना मुंबईच्या मुस्लिम मतदारसंघातून तिथे निवडून गेलेले होते, आणि बावला खटल्यात त्यांनी आनंदराव गंगाराम फाणसे या आरोपीचे वकीलपत्र घेतले होते. फाणसे हे इंदूर संस्थानच्या लष्करातले वरिष्ठ अधिकारी. जिनांनी आपल्या अशिलाला फाशीपासून वाचवले, त्यांना जन्मठेप झाली. आज हा खटला पुष्कळांना माहीत असतो तो ‘जिनांचा खटला’ म्हणून. यात जिनांना दोष देण्याचा हेतू नाही. आरोपीला वकील मिळणे हा न्यायाचा भाग आहे, आणि पुढे १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक विधेयकाच्या बाजूने आपल्याच समाजातल्या विरोधकांसमोर उभे राहणाऱ्यांत जिना होते, हेही इतिहासात नोंदलेले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की ज्या खटल्याची नायिका साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती, तो खटला आपण वकिलाच्या नावाने लक्षात ठेवला.

तपासाच्या संदर्भात मुंबईचे पोलीस कमिशनर पॅट्रिक केली यांचे नाव मात्र आदराने घ्यावे लागते. संस्थानाचा मामला असल्याने तपास सबुरीने घ्या, असा दबाव होता. तेव्हा केलींनी राजीनाम्याची धमकी दिली, अशी आठवण एका जुन्या पोलीस अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. नऊ जणांवर खटला चालला. मे १९२५ मध्ये निकाल लागला. शफी अहमद, शामराव रेवजी दिघे आणि पुष्पशील बळवंतराव पोंडे या तिघांना फाशीची शिक्षा झाली. फाणसे व इतर काहींना जन्मठेप. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तिथेही दाद लागली नाही.

या तीन नावांकडे पाहावे. एक मुसलमान, दोन मराठी हिंदू. मयत मेमन, हल्ला सोसणारी मुसलमान बाई, तिला वाचवणारे इंग्रज. हल्ली कुठल्याही गुन्ह्याची बातमी आली की आपण आधी नावे वाचतो आणि नावांवरून बाजू ठरवतो. बावला प्रकरणात ती सोय नाही. हिंदू राजा आणि मुसलमान स्त्री असा देखावा मांडावा तर पिस्तूल घेऊन आलेल्यांत शफी अहमद सापडतो. चाकरी आणि हुकूम यांपुढे त्या टोळीत धर्माचा प्रश्न आला नाही. पुष्कळ गुन्ह्यांत तो येत नाही, फक्त लिहिणारे तो आणतात.

कोर्टाने महाराजांना दोषी ठरवले नाही. ते आरोपी नव्हतेच. संस्थानिकावर साध्या कोर्टात खटला चालवता येत नसे. त्यासाठी चौकशी मंडळ नेमण्याची पद्धत होती. पन्नास वर्षांपूर्वी, १८७५ साली, बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला विष घातल्याचा आरोप झाला तेव्हा तसे मंडळ बसले होते. त्यातल्या हिंदी सभासदांनी आरोप शाबीत नाही असे मत दिले, तरी सरकारने मल्हाररावांना दुसरे कारण दाखवून गादीवरून काढले. तो इतिहास तुकोजीरावांना माहीत असणारच. शिवाय त्यांच्या वडिलांना, शिवाजीरावांना, १९०३ साली गादी सोडावी लागली होती. सरकारने तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवले. चौकशीला सामोरे जा, किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलाच्या, यशवंतरावांच्या, नावे गादी सोडली. सोडताना एक अट लिहून घेतली की मलबार हिलच्या दुर्घटनेशी आपल्या कथित संबंधाची यापुढे चौकशी होऊ नये. सरकारने ती मान्य केली.

सगळ्या पुस्तकांत हा प्रसंग खटल्याचा कळस म्हणून येतो. एका नायकिणीपायी राजाचे तख्त गेले, असे चवीने सांगितले जाते. मला त्या अटीचा दुसराच परिणाम दिसतो. मुंबईच्या कोर्टापुढे फक्त मलबार हिलवरचा खून होता. इंदूरच्या जनानखान्यात जन्मलेल्या मुलीचे काय झाले, हा प्रश्न त्या कोर्टाच्या अधिकाराबाहेरचा. तो विचारला जाण्याची एकच शक्यता होती, ती म्हणजे चौकशी मंडळाची. गादीच्या बदल्यात चौकशी मिटली तेव्हा त्या बाळाचा प्रश्नही कायमचा मिटला. मुमताजचा आरोप खरा होता की दुःखातून आलेला संशय होता, हे आज कोणी ठरवू शकत नाही. त्या काळी बाळंतपणात मुले फार दगावत. पण एका आईने हायकोर्टात शपथेवर सांगितलेली गोष्ट तपासून पाहण्यासारखी होती, एवढे तरी म्हणता येते. जबानीतले ते एक वाक्य इंग्रजांनी पुढे नेले नाही, वकिलांनी नेले नाही, आणि पुस्तके लिहिणाऱ्यांनी ते एक हृदयद्रावक तपशील म्हणून छापून पान उलटले.

आपण सीरतची पुस्तके वाचत वाढलेली माणसे. इस्लामपूर्व अरबस्तानात मुली जिवंत पुरल्या जात, आणि कयामतच्या दिवशी त्या पुरलेल्या मुलीलाच विचारले जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. सूरह तकवीरमधला तो उल्लेख मौलवीसाहेबांच्या तोंडून ऐकून अंगावर काटा आला नाही असा मुलगा किंवा मुलगी विरळा. गौबा तर पैगंबरांचे चरित्रकार. तेव्हा खुनाच्या हकीकतीला हात घालताना त्यांच्या हातून रूपाचे वर्णन आधी का यावे, याचे मला राहून राहून नवल वाटते. बाजारात खपणाऱ्या पुस्तकाचा साचा लेखकापेक्षा बलवान असतो, हेच त्याचे उत्तर असावे.

त्या साच्याची सुरुवात खटला चालू असतानाच झाली होती. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ने मुमताजची खास छायाचित्रे देण्याचे जाहीर केले. प्रकरणाला एवढी मागणी की पोलीस वर्तमानपत्रांसाठी रोजचे पत्रक काढण्याच्या विचारात असल्याची बातमी ‘नवाकाळ’ने दिली. ‘नवाकाळ’ म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे पत्र. सत्ताधारी पुरुषाची नजर, आश्रित स्त्री आणि मुकाट बसलेला दरबार हे ‘कीचकवधा’चे कथानक ज्यांनी रंगभूमीवर आणले तेच हे खाडिलकर. वर्ष संपण्याआधी कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्तरांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ नावाचा चित्रपट या प्रकरणावर काढलासुद्धा. चित्रपट अर्थातच मूकपट. जिची सगळी ताकद तिच्या बोलण्यात होती, तिची गोष्ट पडद्यावर आली ती आवाजाशिवाय.

मराठी मुलखात या प्रकरणाची एक वेगळी वेदना होती, तीही समजून घेतली पाहिजे. तुकोजीराव केवळ विलासी राजे नव्हते. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अस्पृश्योद्धाराच्या मिशनला त्यांची मोठी देणगी होती, पुण्याचा अहल्याश्रम त्यातून उभा राहिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांशी त्यांचा स्नेह होता. खटल्याच्या आदल्याच वर्षी युवराज यशवंतरावांचा विवाह कागलच्या घराण्यात झाला, तो धनगर-मराठा विवाह म्हणून गाजला. मल्हारी होळकर आणि अहिल्याबाईंच्या गादीवरचा, बहुजनांना जवळचा वाटणारा राजा इंग्रजांनी एका गाणारणीचे निमित्त करून उतरवला, असे मानणारे लोक होते. इंग्रज सरकारच्या नीतिमत्तेविषयी त्यांची शंका अगदीच गैर नव्हती. महाराजांचा हात शाबीत झाला नाही, हेही खरे. पण त्या निष्ठेत एक गोष्ट हरवली. दलित मुलांच्या शाळेला पैसे देणारा राजा आणि एका मुलीला दहा वर्षे पहाऱ्यात ठेवणारा राजा हा एकच माणूस असू शकतो, हे कबूल करणे जड जाते. कोणत्याही समाजाला जड जाते.

आणि आपल्या समाजाचे काय? आपल्याकडे बावलाचा कुणी शहीद केला नाही, मुमताजचे नाव तर शरीफ घरांत घेण्याजोगे नव्हतेच. नाचगाणे करणारी, निकाह न करता परक्या पुरुषाकडे राहणारी. तिला आपली म्हणायची कुणाची तयारी नव्हती. तिच्यासाठी कुठल्या अंजुमनने ठराव केला असता? मला तर वाटते, ती कुणाचीच नव्हती म्हणूनच ती जे बोलली ते बिनधास्त बोलली. खानदानाची इज्जत सांभाळायची असती तर त्या मुलीचे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडले नसते. कोर्टात वकिलांच्या फैरींपुढे, चेहऱ्यावरचे व्रण घेऊन, खच्चून भरलेल्या गर्दीसमोर तिने ते सांगितले. तिच्या आयुष्यातले नकार मोजले तर इंदूर सोडले तो पहिला, अमृतसरला रडणाऱ्या राजाला परत धाडले तो दुसरा, मलबार हिलवर मोटारीतून उतरली नाही तो तिसरा. साक्ष हा चौथा. शेवटचा सगळ्यांत अवघड होता, कारण तेव्हा तिला वाचवू पाहणारा माणूस मेलेला होता.

बावलाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. श्रीमंत घरचा रंगेल तरुण, एवढ्यावर त्याची बोळवण करण्यात येते. त्याच्या चालचलणुकीची वकिली मी करणार नाही. पण धमक्या आलेल्या असताना, समोर पिस्तुले रोखलेली असताना, बाईला उतरू दिले असते तर तो वाचला असता. पंचविसाव्या वर्षी माणसाला जगायचे असते. त्याने तिला उतरू दिले नाही.

२०२१ साली पत्रकार धवल कुलकर्णी यांचे ‘द बावला मर्डर केस’ हे पुस्तक इंग्रजीत आले. जुनी कागदपत्रे धुंडाळून लिहिलेले हे पुस्तक संस्थानी राजकारण, पोलीस तपास आणि त्या वेळची मुंबई यांचा पट उलगडते. मुमताजवर असलेल्या पहाऱ्याने आणि बंधनांनी ती महाराजांपासून दुरावली, ही गोष्ट त्यांनी दाखवून दिली आहे. मथळ्यात मात्र इथेही प्रेम आणि वासना हे शब्द आहेतच. पुस्तकाच्या दुकानात तेच चालते, त्याला लेखक काय करणार!

गादी सोडल्यावर तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न करायचे ठरवले आणि पुन्हा गहजब झाला. १९२८ साली तिला शुद्ध करून हिंदू धर्मात घेण्यात आले, शर्मिष्ठादेवी असे नाव ठेवण्यात आले आणि विवाह झाला. तुकोजीराव दीर्घायुषी ठरले. १९७८ साली पॅरिसमध्ये ते वारले, तोपर्यंत संस्थाने जाऊन, तनखे बंद होऊनही काळ लोटला होता.

मुमताजला खटल्यानंतर हॉलिवूडहून बोलावणी आली. ती नशीब काढायला अमेरिकेला गेली. तिथे तिचे काही जमले नाही, आणि त्यानंतर तिचे नाव वर्तमानपत्रांतून नाहीसे झाले. तिची छायाचित्रे तेवढी अधूनमधून छापली जातात.